टाळीआधीचा थांबा

१२ जानेवारी, सोमवार
निकाल लागला. पल्लवी इंग्रजीत नापास झाली. फक्त इंग्रजीत. गणित, बुद्धिमत्ता, सामान्यज्ञान, सगळ्यात वर. पण लिपिकाच्या भरतीत प्रत्येक विषयात वेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे बाकीचं सगळं पाण्यात.
फोनवर एवढंच म्हणाली, "मॅडम, नाही झालं."
माझ्याकडच्या शेवटच्या तीन टेस्टमध्ये पन्नासपैकी सेहेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस! क्रियापदाचं योग्य रूप निवडा, हा प्रकार तर तिचा हातखंडा. तिला चुकताना मी कित्येक महिन्यांत ऐकलेलं नाही.
घोळ परीक्षाकेंद्रावर झालाय. शंभर टक्के.

१३ जानेवारी, मंगळवार
पल्लवी आली. स्वारगेटला बस बदलून, पांढरी काठी टेकत, एकटी. चहा घेतला नाही.
लेखनिक म्हणून कोमल होती. गुलटेकडीची, अकरावीतली मुलगी. पडद्यावरचा प्रश्न आणि चार पर्याय वाचायचे, पल्लवी सांगेल त्यावर क्लिक करायचं, एवढंच तिचं काम.
"कशी वाचत होती?"
"बरोबर वाचत होती, मॅडम."
"मग?"
"मला चारही सारखेच वाटत होते."
चारही सारखेच! म्हणजे त्या पोरीनं शब्दांची शेपटं गिळली. गो, गोज, वेंट, गॉन एवढं नीट म्हणता येत नसेल तर परीक्षेला येऊन बसावंच कशाला? पल्लवीनं पन्नासच्या पन्नास ठोकून दिले. चुकलेल्या उत्तराला गुण कापतात, ते वेगळंच.
तिच्या वसतिगृहाची मुदत मार्चअखेर संपते. वाशिमहून वडिलांचा निरोप आहे की आता पुरे, घरी ये. घरी तिला कुणी त्रास देणार नाही. बसवून ठेवतील. प्रेमानं बसवून ठेवतील आणि पाण्याचा पेलाही हातात आणून देतील. त्याचीच तिला धास्ती आहे.
मार्चच्या पहिल्या तारखेला दुसरी एक भरती आहे. तीच शेवटची संधी.
शनिवारच्या माझ्या व्याख्यानात हा विषय घेणारच.

१७ जानेवारी, शनिवार
व्याख्यान. विषय: दया नको, हक्क हवा. सभागृह भरलेलं, मागे लोक उभे. सव्वा तास बोलले. पल्लवीचं नाव न घेता सगळं सांगितलं. आकडे सांगितले: माझ्याकडे सत्तेचाळीस, तिथं नापास. मग म्हणाले, "या मुलीचे डोळे आड आले नाहीत, मित्रहो! त्या दिवशी तिच्या शेजारी बसलेल्या मुलीची जीभ गेली होती!"
टाळ्या थांबेनात. एक गृहस्थ नंतर भेटून म्हणाले, बाई, अंगावर काटा आला.
घसा पार बसलाय. विनायक गरम पाणी देत म्हणाला, "त्या लेखनिक मुलीला बोलायला व्यासपीठ कधी मिळणार?"
चाळीस वर्षं झाली लग्नाला, आणि हा माणूस असाच. उत्तर द्यायला आवाज नव्हता.

१९ जानेवारी, सोमवार
डॉक्टरांनी आठ दिवस मौन सांगितलंय. कुजबुजायचंसुद्धा नाही. वि. डॉक्टरांना म्हणाला, "लेखी देता का?"

२२ जानेवारी, गुरुवार
गुरुवारी पल्लवी सरावाला येते. मला बोलता येईना, म्हणून वि. वाचायला बसला. दहावा संच. आधीचे नऊ माझ्या आवाजात रेकॉर्ड केलेले; हा नुकताच लिहिलेला, अजून रेकॉर्ड न केलेला.
वि. तीस वर्षं छापखान्यात होता. सुरुवातीची बरीच वर्षं त्याचं काम म्हणजे हस्तलिखित मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि समोरच्यानं प्रुफं तपासायची. भाव घालायचा नाही, घाई करायची नाही, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. प्रेमकवितेपासून निविदेपर्यंत सगळं एका सुरात. आजही त्यानं तसंच वाचलं. "रिकामी जागा. पर्याय एक, गो. पर्याय दोन, गोज." रेल्वेची घोषणासुद्धा त्यापेक्षा भावपूर्ण असते.
पल्लवी अडखळायला लागली. "परत वाचा ना, काका." परत तस्संच. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.
पन्नासपैकी एकोणीस.
मी पाटीवर लिहून वि.ला दाखवलं: तुझ्या वाचनामुळे! त्यानं संचाचा कागद घडी करून ठेवला. पल्लवी गेल्यावर म्हणाला, "तीच मुलगी, तसेच प्रश्न. फक्त आवाज तुझा नव्हता."

२३ जानेवारी, शुक्रवार
आज वि.नं जे केलं ते लिहून ठेवते.
सकाळी माझा चौथा संच फोनवर लावला, फोन आतल्या खोलीत ठेवला, दार लोटलं आणि स्वतः बाहेर कागद घेऊन बसला. मी त्याच्या शेजारी. दारातून शब्द कळत नव्हते. फक्त माझ्या आवाजाचा चढउतार येत होता. प्रत्येक प्रश्नाला चार वेळा आवाज, मग शांतता. वि. कागदावर आकडे लिहीत गेला. दोन. तीन. तीन. एक.
मग माझ्या उत्तरतालिकेशी ताडून पाहिलं.
पन्नासपैकी त्रेचाळीस बरोबर. एकही शब्द न ऐकता.
नंतर मी दार उघडून, खुर्ची ओढून पुन्हा सगळं ऐकलं. चुकीचे तीन पर्याय मी चिंच चोखल्यासारखे वाचलेत, भरभर. बरोबरच्या आधी एक इवलासा थांबा. मग तो शब्द अलगद, जागेवर ठेवल्यासारखा. तो थांबा मी ओळखते. सभेत टाळी हवी असली की मी तोच थांबा घेते.
मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. पण माहीत नव्हतं म्हणून

२४ जानेवारी, शनिवार
कालचं वाक्य पुरं करवत नाही.
पल्लवीला मी पहिल्या दिवसापासून एकच सांगत आले: नियम पाठ करू नकोस, वाक्य कानाला बरोबर लागतं का बघ, तुझा कान सांगेल. तिचा कान सांगत होता. बिनचूक सांगत होता.
आणि कोमल. त्या मुलीनं चारही पर्याय सारखे वाचले. म्हणजे जसे वाचायला हवेत तसेच. आणि मी तिला तीनशे माणसांसमोर मुकी ठरवलं.

२५ जानेवारी, रविवार
नऊ संच. दोन वर्षांत किती वसतिगृहांतल्या किती मुलामुलींच्या फोनवर गेले असतील, देव जाणे. देव न मानणाऱ्या बाईनं आणखी कुणाचं नाव घ्यावं!
मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं: संचांमध्ये दोष आढळला आहे, कृपया वापरू नयेत. दोष कुणाचा ते लिहिलं नाही.
एका मुलाचं लगेच उत्तर: "मॅडम प्लीज काढू नका. तुमचा आवाज ऐकला की कॉन्फिडन्स येतो."

२७ जानेवारी, मंगळवार
अजून पल्लवीला सांगितलेलं नाही.
माझ्या बाजूनं कारणं बरीच आहेत. पाच आठवडे राहिलेत. आत्ता सांगितलं तर ती खचेल. आधी नव्यानं शिकवावं, परीक्षा होऊ द्यावी, मग सांगावं. रोज एक नवं कारण सुचतं आणि प्रत्येक पटण्यासारखं असतं. हाच तर माझा धंदा आहे.
वि.ला (पाटीवर): सांगू का तिला?
वि.: "कसं विचारतेयस बघ. मी 'नको' म्हणावं म्हणून विचारतेयस."
लिहिलेल्या प्रश्नातही माझा सूर ऐकू येतो याला.

२९ जानेवारी, गुरुवार
सांगितलं. आवाज फाटका आहे अजून, पण निघतो.
पल्लवी ऐकत होती. हातातली काठी घडी करत, उघडत, परत घडी करत.
मग म्हणाली, "मला वाटायचं, मला येतं."
मी म्हटलं, अगं, मला कल्पना नव्हती.
"मला तर वाटायचं इंग्रजी असंच असते. बरोबर असलं की कानाला गोड लागते. परीक्षेत काहीच गोड लागत नव्हतं, तर मला वाटलं, मीच घाबरली."
मी काहीतरी बोलायला गेले. तिनं तोडलं. "दोन वर्षं, मॅडम! तुम्ही 'शाब्बास' म्हणत होत्या. मी घरी फोन करून सांगत होती, बाबा, मला सत्तेचाळीस पडले. काहून केलं असं?"
दोन वर्षांत तिच्या तोंडून पहिल्यांदा घरची बोली ऐकली.
"भाषणात तर म्हणता, दया नको. मग हे काय होतं?"
"मला ठाऊक नव्हतं गं."
"तेच तर."
जिना उतरताना मी सवयीनं कोपर पुढे केलं. धरलं नाही. कठड्याला हात लावून एकटी उतरली.

१ फेब्रुवारी, रविवार
फोन उचलत नाही. चार वेळा केला. पाचव्यांदा वि.नं फोन काढून घेतला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
कोमलच्या घरी गेले. मार्केट यार्डाच्या मागची गल्ली, कांद्याच्या गोण्यांचा वास घरापर्यंत. आई दारात पालेभाजीच्या जुड्या बांधत होती. नाव सांगितलं तशी जुडी हातातच राहिली.
"भाषणवाल्या बाई तुम्हीच का?"
हो म्हटलं.
"आमच्या नात्यातल्या एकानं व्हिडिओ पाठवला. पोरीनं तीनदा बघितला. म्हनली, आई, ह्यात ती मुलगी म्हंजे मीच." मग जुडी बांधत, माझ्याकडे न बघता, "फुकट गेली व्हती ती. बसचं भाडं सोताचं घालून. कॉलेजचा एक पेपर बुडवून."
मी माफी मागितली. चूक माझी होती, मुलीनं अगदी योग्य वाचलं होतं, असं सांगितलं.
"मला काय सांगताय? मला थोडीच तीनशे लोकांत बोलला."
कोमल आतच होती. पडद्याखाली पाय दिसत होते. बाहेर आली नाही.
निघताना मेथीची एक जुडी हातात दिली त्या बाईनं. "घ्या, ताजी हाय." पैसे देऊ केले तर रागावली. घरी भाजी करवली नाही. वि.नं केली, आणि चवीबद्दल एक शब्द काढला नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
पल्लवीचा फोन आला. वि.ला. मी शेजारी उभी, ऐकू येत होतं.
"काका, तुम्ही वाचाल का रोज?"
"वाचेन. पण मला इंग्रजी नुसतं वाचता येतं, कळत नाही हं. चूक का बरोबर ते तुला तुझंच ठरवावं लागेल."
"तेच पाहिजे."
"नियम कोण शिकवणार?"
इथं ती थांबली. मग, "मॅडमना म्हणा, लिहून द्या. तुम्ही वाचा."
म्हणजे मी हवी आहे. आवाजाशिवाय हवी आहे. तेवढं पुष्कळ आहे. माझ्या लायकीपेक्षा जास्तच.

१० फेब्रुवारी, मंगळवार
रोज संध्याकाळी पाच ते सात. मी सकाळी नियम लिहिते: कर्ता कोण, एक की अनेक, काळ कोणता, आधी काय घडलं, नंतर काय. कानावर काहीही सोडायचं नाही. वि. वाचतो. पल्लवी ब्रेलमध्ये टिपते, टकटक टकटक.
पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात गुपचूप बसले होते. दहा मिनिटांत तिनं मान वळवली. "मॅडम, तुम्ही आत बसा."
"अगं, मी एक अक्षर बोलले नाही."
"श्वास ऐकू येतो. माझं बरोबर आलं की तुम्ही सोडता."
वि. इतका हसला की चष्मा पुसावा लागला. पल्लवीही हसली. कितीतरी दिवसांनी. मी आत जाऊन दार लावून घेतलं, आणि मग मीही हसले की काय केलं, नीट सांगता येणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार
एकोणीस, बावीस, एकवीस, पंचवीस. पास व्हायला अठ्ठावीस-तीसच्या आसपास लागतील, असा वि.चा अंदाज. त्याला विचारलं कशावरून, तर म्हणे छापखान्यातल्या माणसाला मार्जिनचा अंदाज असतो.
लेखनिक अजून ठरलेली नाही. पल्लवीनं दोन मुलींना विचारलं, दोघींचीही स्वतःची परीक्षा आहे. कोमलला विचारायची मला हिंमत नाही आणि तोंडही नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
त्याच व्याख्यानमालेचा समारोप शनिवारी आहे. आयोजकांकडे दहा मिनिटं मागितली. जिथं बोलले, तिथंच परत घ्यायला हवं.
रात्रीच्या जेवणाआधी वि.ला मसुदा वाचून दाखवला. सुरुवात अशी होती: "आज मी या मंचावर आरोपी म्हणून उभी आहे." मधे कोमलच्या आईची मेथीची जुडी. शेवटी हळूहळू वर चढत जाणारी पाच वाक्यं.
वि. वरण ढवळत म्हणाला, "छान आहे. टाळ्या कुठे घेणार? मेथीला की शेवटी?"
चिडले. मग पुन्हा वाचलं. मेथीच्या आधी थांबा होता. लिहिताना घातलेला, कागदावर तीन टिंबं देऊन.
फाडलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
जाऊन आले. सात वाक्यं कागदावरून वाचली. वि.सारखी वाचायचा प्रयत्न केला. मागच्या भाषणात मी एका लेखनिक मुलीला दोष दिला. तो खोटा होता. तिनं नियमानुसार वाचलं होतं. परीक्षार्थी मुलगी नापास झाली ती मी सदोष शिकवल्यामुळे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज उत्तर सांगत होता. ते संच कुणाकडे असतील तर पुसावेत. मी त्या मुलीची माफी मागते.
वाचताना जीभ प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर उचलत होती, मी दाबत होते. आयुष्यात एवढं अवघड भाषण केलेलं नाही.
शांतता. मग मागून एकानं टाळी वाजवली, आणि सगळं सभागृह... मी हात वर करून थांबवायला गेले, तर त्यांना तीही अदा वाटली. आणखी वाजवल्या.
घरी येऊन पंखा लावून नुसती बसले. सगळ्यात वाईट काय, तर त्या टाळ्यांनी क्षणभर बरं वाटलं होतं. ते इथं तरी लिहायला हवं.
व्हिडिओ कोमलच्या आईला पाठवला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
उत्तर आलं, पण पल्लवीला. कोमलनं तिला फोन केला: "ताई, एक तारखेला मी येते. पण त्या बाईंनी मला काही शिकवायचं नाही. मी वाचते तशीच वाचणार."
पल्लवी म्हणाली, तशीच वाच.
आज सत्तावीस.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
शेवटचा सराव. सव्वीस. एक कमीच झाला. आतल्या खोलीतून मला ओरडून सांगावंसं वाटलं, येईल, नक्की येईल, तू करशील! ओठ दाबून बसले. ते मला माहीत नाही. आजवर न माहीत असलेल्या किती गोष्टी मी किती खात्रीनं सांगितल्या असतील.
दारात वि.नं तिला सांगितलं, "उद्या झोप काढ. पूर्णविराम."

१ मार्च, रविवार
वडगावचं केंद्र. कोमल आधीच फाटकाशी उभी होती, ओळखपत्र हातात. मला बघून तिनं मान किंचित हलवली. माफ केलं असा अर्थ मी काढणार नाही. पल्लवीनं तिचं कोपर धरलं आणि दोघी आत गेल्या.
वि. आणि मी समोरच्या झाडाखाली. आसपास पालक, डबे, छत्र्या उन्हासाठी उघडलेल्या. वि.नं पेपर अख्खा वाचला, जाहिरातींसकट. मी तीन तास काहीही वाचू शकले नाही.
दोघी बाहेर आल्या. कोमल म्हणाली, "जाते ताई, क्लास आहे," आणि गर्दीत गेली. मी आभार मानेपर्यंत दिसेनाशी झाली होती.
पल्लवीला विचारायला तोंड उघडलं. "चांगला गेला ना?" असंच येत होतं बाहेर. उत्तरासकट. गिळलं. तिघं रस्त्याच्या कडेला नुसते उभे.
शेवटी तीच म्हणाली, "इंग्रजीचे अकरा सोडले."
अकरा! मग...
"येत नव्हते, मॅडम. चारही ऐकले, दोन-दोनदा ऐकले. नियम लावून पाहिला. नाही आलं, तर सोडले. बाकीचे मी केलेत." थोडं थांबून, "मी."
दोन वर्षांत माझ्या एकाही टेस्टमध्ये तिनं एकही प्रश्न सोडला नव्हता.
निकाल महिनाअखेर. वसतिगृहाची मुदतही तेव्हाच. कोणतं आधी येतं ते बघायचं.
स्वारगेटपर्यंत रिक्षानं आलो. उतरताना तिचा हात हवेत फिरला, काठी धरलेला नव्हे, दुसरा. मी हलले नाही, कोपर पुढे केलं नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. हात वि.च्या बाहीला लागला, तिथून पुढे सरकला, आणि माझ्या कोपराशी थांबला.